दुसऱ्या कार्यप्रणालीचा हक्क

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 या कार्यप्रणालीची नित्याची सेवा थांबविली, आणि ज्या संगणकांत विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नव्हता, अशी जगभरातील कोट्यवधी यंत्रे, त्यांतील एकही भाग नादुरुस्त झालेला नसताना, एका दिवसात जुनी ठरली. तेव्हापासून गावोगावच्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानांतून एक सल्ला वारंवार दिला जातो : ‘लिनक्स टाका.’ लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली वापरण्याचा हा सल्ला चांगला आहे, आणि तो देणाऱ्यांच्या सद्‌हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तो अमलात आणणारा माणूस चार दिवसांनी त्याच दुकानाची पायरी चढतो, तेव्हा त्याची तक्रार लिनक्सविषयी क्वचितच असते. ‘टाकलं, पण वाय-फाय दिसेना’, ‘आवाज येईना’, ‘प्रिंटर घेईना’ अशी ती असते, आणि या सर्व तक्रारींचे मूळ एकाच ठिकाणी सापडते, ते म्हणजे ड्रायव्हरचा अभाव.

कार्यप्रणाली आणि संगणकाला जोडलेली उपकरणे यांच्यामध्ये ड्रायव्हर हा दुभाष्याचे काम करतो. ‘हे पान छाप’, ‘हा आवाज उमटव’ एवढेच प्रणाली सांगते. परंतु कोणता आकडा कोठे लिहिला म्हणजे प्रिंटरचा रूळ फिरतो, किती सूक्ष्म काळ थांबून कोणता संदेश धाडला म्हणजे वाय-फायची चिप जागी होते, हे प्रत्येक निर्मात्याने आपापल्या मर्जीने ठरविलेले असते आणि ज्याला ते ठाऊक असेल त्यालाच ड्रायव्हर लिहिता येतो. लिनक्सच्या कर्नलमधील, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातील, निम्म्याहून अधिक मजकूर नुसत्या ड्रायव्हरांनी व्यापलेला आहे, एवढ्यावरूनच या कामाच्या विस्ताराची कल्पना यावी. विंडोजसाठी हे काम उपकरणाचा निर्माता स्वतःच करतो, कारण विंडोजवर न चालणारा माल बाजारात उठणार नाही हे तो पुरते जाणतो. लिनक्सच्या बाबतीत काही निर्माते ड्रायव्हर देतात, काही निदान तपशिलाचे दस्तऐवज देतात, आणि काही दोन्ही नाकारून ग्राहकाला वाऱ्यावर सोडतात. हा प्रश्न या शेवटच्या वर्गाचा आहे.

येथे कोणी विचारील की, दुसरी प्रणाली हवी कशाला, आणि हवीच असेल तर पहिली काढून का टाकू नये? याचे उत्तर आपल्या व्यवहारातच आहे. व्यापाऱ्याचे हिशेब ज्या टॅलीवर चालतात ती विंडोजसाठी लिहिलेली आहे. ज्या मुद्रकाने आयुष्यभर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत मराठी मजकूर जुळविला, त्याची सारी दप्तरे त्या फॉन्टांत आणि त्या काळच्या सॉफ्टवेअरात अडकलेली आहेत. निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराजवळ डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन असते आणि ते टोकन कोणत्या प्रणालीवर चालेल हे त्याच्या ड्रायव्हरवर अवलंबून असते. उलटपक्षी त्याच घरातील मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असेल, तर तिचे प्रोग्रॅमिंगचे निम्मे शिक्षण लिनक्सवर होत असते. दोन यंत्रे विकत घेण्याची ऐपत सर्वांची नसते. म्हणून एकाच यंत्रात दोन प्रणाली, म्हणजे आपण ज्याला ड्युअल बूट म्हणतो ती व्यवस्था, ही मध्यमवर्गीय कुटुंबाची गरज आहे. हौशी मंडळींचा तो खेळ आहे, ही समजूत सोडून द्यावयास हवी.

या दुसऱ्या प्रणालीला मात्र यंत्रात पहिलीच्या बरोबरीचे स्थान मिळत नाही, आणि याची साक्ष अगदी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी देतात. विंडोज संगणकाच्या अंतर्गत घड्याळात स्थानिक वेळ लिहून ठेवते, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ लिहिते. परिणामी एकीतून दुसरीत गेले की भारतातील यंत्राचे घड्याळ साडेपाच तास मागे वा पुढे पडते, आणि नवख्या माणसाला आपण काहीतरी बिघडवून ठेवले असे वाटू लागते. एका आज्ञेने दुरुस्त होणारा हा दोष आहे. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, विंडोज 8 पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’ या सोयीमुळे संगणक बंद केला असे आपणांस वाटते तेव्हाही प्रणालीचा गाभा डिस्कवर निद्रिस्त ठेवलेला असतो, आणि त्या अवस्थेत विंडोजच्या विभागात लिनक्समधून काही लिहिले तर तेथील मजकुराला धोका पोहोचतो. कित्येक लॅपटॉपांत डिस्कचा कारभार इंटेलच्या ‘आरएसटी’ पद्धतीवर लावलेला येतो. ती बदलल्यावाचून लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, आणि पूर्वतयारी न करता बदलली तर विंडोज सुरू होत नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये तर मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा-अपडेटने अनेक ड्युअल बूट यंत्रांवरील लिनक्स उघडेनासे झाले, आणि हे अपडेट अशा यंत्रांना लागू होणार नाही असे त्या कंपनीने आधी सांगितलेले होते. यात दुष्ट हेतू होता असे मी म्हणत नाही. परंतु दुसऱ्या प्रणालीची हद्द सांभाळणे हे आपले कर्तव्य आहे असे जेथे कोणीच मानीत नाही, तेथे असे अपघात पुन्हा पुन्हा घडणार.

आता प्रिंटरकडे वळू, कारण या विषयाचे सर्व पैलू त्यात एकवटलेले आहेत. आपल्याकडील वकिलांच्या कचेऱ्या, अर्ज भरून देणारी दुकाने, शाळांची कार्यालये येथे वर्षानुवर्षे दिसणारे दोन लेसर प्रिंटर म्हणजे एचपीचा लेसरजेट 1020 आणि कॅननचा एलबीपी 2900. स्वस्त, काटक आणि टोनरचा खर्च बेताचा म्हणून ते लोकप्रिय झाले. पण त्यांची स्वस्ताई एका युक्तीवर उभी आहे. पानाचे चित्र तयार करण्याची बुद्धी या प्रिंटरांत ठेवलेलीच नाही; ते काम संगणकाने करावयाचे आणि तयार ठिपके निर्मात्याच्या खास पद्धतीने प्रिंटरला पुरवावयाचे. लेसरजेट 1020 ची तर याहून पुढची तऱ्हा आहे : त्याचे फर्मवेअर, म्हणजे त्याला चालविणारा अंतर्गत प्रोग्रॅम, त्याच्या पोटात कायम राहत नाही, प्रत्येक वेळी वीज चालू केली की संगणकाने ते त्याला नव्याने पाठवावे लागते. म्हणजे ज्या संगणकाजवळ योग्य ड्रायव्हर नाही, त्याच्या दृष्टीने तो प्रिंटर म्हणजे निव्वळ प्लॅस्टिकचा डबा. एचपीच्या या जातीच्या प्रिंटरांची पद्धत एका स्वयंसेवकाने उलगडून लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहिला, म्हणून ते चालले. कॅननने स्वतःचा लिनक्स ड्रायव्हर दिला, तथापि त्याचा गाभा बंद ठेवला आणि तो इंटेल जातीच्या प्रोसेसरांसाठी बांधलेला. तेव्हा तोच प्रिंटर रास्पबेरी पायसारख्या एआरएम जातीच्या स्वस्त छोट्या संगणकाला जोडून शाळेत सर्वांसाठी ठेवावा म्हटले, तर तो ड्रायव्हर कुचकामी ठरतो. प्रिंटर तोच, कागद तोच, मालक तोच. आणि तरीही त्याचा उपयोग कसा व कोठे करावा याची मुखत्यारी मात्र विकणाऱ्याकडे राहिली.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा उगमही एका प्रिंटरपाशीच आहे, हे येथे नमूद करावेसे वाटते. 1980 च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक नवा लेसर प्रिंटर आला. प्रयोगशाळेच्या आधीच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांना आपोआप सूचना मिळावी, अशी सुधारणा तेथील प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याच्या प्रोग्रॅममध्ये केलेली होती. तीच नव्या प्रिंटरवर करावी तर त्याचा मूळ प्रोग्रॅम कोणी देईना. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकाजवळ तो होता, पण आपण गोपनीयतेचा करार केला आहे, असे सांगून त्यानेही नकार दिला. तो नकार स्टॉलमन यांच्या मनात खोल रुतला, आणि पुढे 1983 मध्ये त्यांनी मुक्त कार्यप्रणालीची जी ग्नू योजना जाहीर केली तिच्या मुळाशी हा अनुभव होता, असे ते स्वतः सांगत आले आहेत.

दुसऱ्या प्रणालीला निर्मात्याने मनापासून आधार दिला तर काय होते, याचेही उदाहरण आपल्यासमोर आहे. ॲपलने आपले मॅक संगणक इंटेलच्या प्रोसेसरवर आणल्यानंतर 2006 च्या एप्रिलमध्ये ‘बूट कॅम्प’ प्रसिद्ध केले. मॅकवर विंडोज बसविण्याची ही अधिकृत सोय होती, आणि तिचे खरे महत्त्व डिस्कचे दोन भाग करून देण्यात नव्हते. मॅकमधील कीबोर्ड, ध्वनी, बिनतारी जोडणी यांसाठी लागणारे विंडोजचे ड्रायव्हर ॲपलने स्वतः गोळा करून ग्राहकाच्या हाती दिले, यात होते. आपल्या प्रतिस्पर्ध्याची प्रणाली आपल्या यंत्रावर नीट चालावी, म्हणून एका कंपनीने एवढी तजवीज केली आणि त्यामुळे तिच्या यंत्रांची विक्री घटली नाही. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलच्या स्वतःच्या एम1 चिपवरील मॅक आले, आणि त्यांत बूट कॅम्प नव्हते.

तेथून जी कथा सुरू झाली ती या क्षेत्रातील अलीकडच्या काळातील सर्वांत स्पृहणीय आणि तितकीच खेदकारक कथा आहे. ॲपलने या नव्या यंत्रांवर दुसरी प्रणाली सुरू करण्याची वाट मोकळी ठेवली होती, पण आतील उपकरणांविषयी एक ओळही प्रसिद्ध केली नव्हती. तेव्हा त्यांवर लिनक्स आणण्यासाठी प्रोग्रॅमर हेक्टर मार्टिन यांनी ‘असाही लिनक्स’ हा प्रकल्प उभारला. त्यांच्या चमूने ॲपलची प्रणाली आणि यंत्र यांच्या मधोमध ‘एम1एन1’ नावाचा स्वतःचा एक पातळ थर बसविला, प्रणाली उपकरणांना काय सांगते आणि उपकरणे काय उत्तर देतात याची नोंद केली, आणि त्या नोंदींवरून अर्थ लावीत एकेक ड्रायव्हर लिहून काढला. चित्रे रेखणाऱ्या चिपचा उलगडा ॲलिसा रोझेनझ्वाइग यांनी केला. आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये या चमूच्या ड्रायव्हरला ओपनजीएल ईएस 3.1 या मानकाची अधिकृत मान्यता मिळाली, जी या चिपांवरील दुसऱ्या कोणत्याही ड्रायव्हरला तोवर मिळालेली नव्हती. नुसत्या स्पीकरांचीच गोष्ट पाहावी. मॅकबुकचे छोटे स्पीकर त्यांच्या शक्तीच्या कडेपर्यंत वाजविले जातात, आणि ते जळू नयेत म्हणून ॲपलची प्रणाली त्यांच्या तापमानाचा अंदाज क्षणोक्षणी घेत असते. असे रक्षण करणारा स्वतंत्र प्रोग्रॅम लिहून, पारखून होईपर्यंत असाहीच्या मंडळींनी स्पीकर बंदच ठेवले, कारण परक्याचे महागडे यंत्र आपल्या उतावळेपणाने बिघडू नये ही जबाबदारी त्यांनी मानली. जी माहिती निर्मात्याच्या कपाटात तयार पडलेली होती, ती पुन्हा शोधून काढण्यात बुद्धिमान माणसांची अनेक वर्षे गेली; आणि 2025 च्या फेब्रुवारीत मार्टिन यांनी श्रान्त होऊन या प्रकल्पाचे नेतृत्व सोडले. अशा परिश्रमांचे कौतुक करावे तेवढे थोडे, पण लोकांच्या नित्य गरजेची व्यवस्था काही थोड्या माणसांच्या असामान्य तपश्चर्येवर सोपवून ठेवणे ही समाजाची कृतघ्नता होय.

निर्मात्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. उपकरणाचा तपशील उघड केला तर व्यापारी गुपिते स्पर्धकांच्या हाती पडतील, हा त्यांचा मुख्य आक्षेप. या आक्षेपाचे खंडन एका मोठ्या कंपनीनेच आपल्या वर्तनाने केले आहे. एएमडीने 2007 च्या सप्टेंबरात आपल्या ग्राफिक्स चिपांचे दस्तऐवज प्रसिद्ध करण्याचे जाहीर केले, लिनक्सच्या कामाला हात दिला, आणि ती कंपनी बुडाली नाही. आज लिनक्सवर विनासायास चालणारे ग्राफिक्स कार्ड कोणते, असे विचारले तर जाणते लोक प्रथम तिचेच नाव घेतात. एनव्हिडियाने मात्र दीर्घकाळ दार बंद ठेवले. 2012 मध्ये फिनलंडमधील एका सभेत लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्‌स यांनी तिची अतिशय कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली, तरी ड्रायव्हरचे दार 2022 च्या मेपर्यंत उघडले नाही. त्या महिन्यात कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हरचा भाग कंपनीने खुला केला. दुसरा आक्षेप रेडिओलहरींच्या नियमांचा : वाय-फायची चिप मन मानेल तशी चालविण्याची मुभा ग्राहकाला देता येत नाही, हे खरे आहे. पण त्यासाठी चिपच्या आतले फर्मवेअर बंद ठेवले आणि ते वाटण्याची परवानगी देऊन ड्रायव्हर मात्र उघडा दिला, तर नियमही राहतो आणि कामही होते. इंटेल आपल्या वाय-फाय चिपांसाठी हेच करते. तिसरा आक्षेप खर्चाचा. 2007 मध्ये लिनक्सच्या प्रमुख विकासकांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी जाहीरपणे सांगितले की, कोणत्याही कंपनीने उपकरणाची माहिती द्यावी, आम्ही ड्रायव्हर फुकट लिहून देऊ, गोपनीयतेचा करार हवा असेल तर तोही करू. एवढे आश्वासन मिळाल्यानंतर खर्चाची सबब टिकत नाही.

आणि केवळ विंडोजवर राहणाऱ्याने हा प्रश्न आपला नाही असे समजू नये. 2007 च्या आरंभी विंडोज व्हिस्टा आली तेव्हा कित्येक धडधाकट प्रिंटर आणि स्कॅनर निरुपयोगी झाले, कारण निर्मात्यांनी जुन्या उपकरणांसाठी नवे ड्रायव्हर लिहिले नाहीत. ड्रायव्हरची किल्ली एकाच हाती असली की पहिल्या प्रणालीची पुढची आवृत्तीदेखील दुसऱ्या प्रणालीइतकीच परकी ठरू शकते.

मोठा ग्राहक अडून बसला तर चित्र किती झपाट्याने पालटते, याचे प्रत्यंतरही प्रिंटरांनीच दिले आहे. भ्रमणध्वनीवर प्रत्येक प्रिंटरचा वेगळा ड्रायव्हर बसविणे शक्य नव्हते; म्हणून 2010 मध्ये ॲपलने ‘एअरप्रिंट’ आणले आणि प्रिंटरनेच एक समान भाषा समजून घ्यावी असा आग्रह धरला. आयफोनवरून न छापणारा प्रिंटर मागे पडेल हे ओळखून निर्माते निमूटपणे त्या वाटेने गेले. त्याच सुमारास प्रिंटरनिर्मात्यांच्या मंडळाने त्याच धर्तीचे खुले मानकही तयार केले; आणि आज नव्या नेटवर्क-प्रिंटरांपैकी पुष्कळसे लिनक्सवर कोणताही खास ड्रायव्हर न बसविता चालतात, ते या बदलामुळे. जी गोष्ट वर्षानुवर्षे अशक्य म्हणून सांगितली जात होती, ती खपाचा प्रश्न उभा राहताच शक्य झाली. खुद्द मायक्रोसॉफ्टने 2009 च्या जुलैमध्ये आपल्या हायपर-व्ही या आभासी यंत्रांच्या व्यवस्थेसाठी लागणारे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलला अर्पण केले, तेही तिच्या व्यवसायाला त्यांची गरज होती म्हणूनच.

आपल्या देशात असा मोठा ग्राहक म्हणजे सरकार. केंद्र सरकारने 2015 मध्ये मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरच्या अंगीकाराचे धोरण जाहीर केले. ज्या सी-डॅक या सरकारी संशोधन-संस्थेचे मुख्यालय पुण्यात आहे, तिने ‘बॉस’ नावाची लिनक्सवर आधारलेली प्रणाली भारतीय भाषांसह घडविली. केरळच्या सरकारी शाळांतील मुले तर कित्येक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आहेत. 2022 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी, घरगुती उपकरणे व वाहने ही तिच्या विचाराची क्षेत्रे ठरविली. या सर्व प्रयत्नांत एक दुवा राहून गेला आहे, आणि तो ड्रायव्हरचा. प्रणाली मुक्त असावी असे धोरण म्हणते, पण खरेदीच्या निविदेत स्कॅनर, प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारी उपकरणे मागविताना ती त्या प्रणालीवर चालतील की नाही हे विचारले गेले नाही, तर धोरणाचा कागद फायलीतच राहतो.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. महाराष्ट्र शासनाने, जिल्हा परिषदांनी, विद्यापीठांनी आपल्या प्रत्येक संगणक-खरेदीत एक अट घालावी : विक्रेत्याने निदान एका मुक्त कार्यप्रणालीसाठी चालणारा ड्रायव्हर द्यावा, आणि तो देणे शक्य नसेल तर तो लिहिता येईल इतका तपशील प्रसिद्ध करावा, शिवाय उपकरणाला आधार देणे ज्या दिवशी थांबवील त्या दिवशी तो तपशील त्याने विनाशर्त खुला करावा. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरील वस्तूच्या वर्णनात ही माहिती एका स्वतंत्र रकान्यात यावी. दुरुस्तीच्या हक्काच्या कक्षेत संगणकाची उपकरणे आणि त्यांचे ड्रायव्हर स्पष्ट शब्दांत समाविष्ट व्हावेत. यांतील एकाही गोष्टीला नवा कारखाना लागत नाही, की तिजोरीवर भार पडत नाही.

आणि वाचकहो, तुम्ही लॅपटॉप किंवा प्रिंटर घ्यायला दुकानात जाल तेव्हा किंमत आणि वॉरंटी यांच्याबरोबरच ‘हा लिनक्सवर चालतो का?’ हे अवश्य विचारा, आज तुम्हांला लिनक्सची गरज नसली तरीही विचारा. दुकानदाराला उत्तर येत नसेल तर त्याला ते वितरकाकडून मागवायला सांगा, आणि उत्तर आल्याशिवाय पैसे मोजू नका.